चाफेकर चौकातला मोबाईलवाला दादा आणि फोनवर न येणारे ऑफिसचे मेल

ज्यांच्या फोनवर ऑफिसचे मेल उशिरा येतात किंवा येतच नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मी स्वतः साडेतीन महिने हा त्रास काढलाय आणि शेवटी तो सुटला तो चिंचवडला चाफेकर चौकातून गावात शिरताना लागणाऱ्या एका छोट्याशा दुकानात. दुकानाला नाव असं काही नाहीच, पाटीवर नुसतं मोबाईल रिपेअरिंग, रिचार्ज, टेम्पर्ड ग्लास एवढंच लिहिलंय आणि शेजारी रसवंती आहे. काउंटरपुढे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. बाहेरून बघून कुणाला वाटणार नाही की इथे ऑफिसच्या मेलचा प्रॉब्लेम कुणी समजून घेईल, मलाही वाटलं नव्हतं.

आधी माझं काम सांगते म्हणजे मला हे एवढं का लागलं ते कळेल. मी चाकणला एका कंपनीत एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन बघते. कंटेनर इथून भरून न्हावाशेवा बंदराला जातो आणि त्याच्या मागेपुढे सगळा खेळ मेलवर चालतो, सीएचएचा म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटचा मेल, ट्रान्सपोर्टरचा मेल, शिपिंग लाईनकडून बीएलचा म्हणजे बिल ऑफ लेडिंगचा, जहाजावर चढवलेल्या मालाच्या कागदाचा ड्राफ्ट, आणि प्रत्येकाला कटऑफ, म्हणजे ठरलेली शेवटची वेळ. ड्राफ्ट आला की तो वाचून वेळेत करेक्शन कळवायचं, नाही कळवलं तर तोच फायनल होतो आणि मग पुढे एक अक्षर जरी बदलायचं म्हटलं तरी अमेंडमेंटचे म्हणजे दुरुस्तीचे पैसे. म्हणजे मेल वेळेत दिसला नाही तर सरळ सरळ पैसे जातात आणि बोलणी बसतात ती वेगळी.

झालं असं की जानेवारीत नवीन फोन घेतला, जुन्याची बॅटरी फुगली होती. फोनसोबत जे मेलचं ॲप येतं त्यातच एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑफिसच्या मेलची सेवा, निवडून कंपनीचा आयडी टाकला, पहिले दोन आठवडे एकदम मस्त चाललं. मग हळूहळू मेल उशिरा यायला लागले, आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, आणि मी नेटवर्कला दोष देत राहिले कारण चाकणच्या रस्त्याला रेंजचं काही खरं नसतं. मार्चमध्ये मात्र कळस झाला. जर्मनीचा कंटेनर होता, ड्राफ्ट यायचा बाकी, पाचच्या बसने निघाले, फोन पर्समध्ये, मेल आला की वाजेलच म्हणून मी निवांत. घरी येऊन स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, जेवणं, आणि रात्री ९:४० ला फोन चार्जिंगला लावला तर टिंग टिंग टिंग करत एकदम सात मेल. त्यातला तिसरा बीएलचा ड्राफ्ट, आलेली वेळ संध्याकाळी ५:१२ आणि खाली लाल अक्षरात, करेक्शन सात वाजेपर्यंत कळवा. कन्साइनीच्या म्हणजे माल घेणाऱ्याच्या पत्त्यात पोस्टल कोडचे दोन आकडे उलटे पडले होते, मी लगेच रिप्लाय केला पण तोवर फायनल झालेलं. पैसे कंपनीने भरले पण दुसऱ्या दिवशी साहेबांना उत्तर मला द्यावं लागलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही हे खरंय.

त्यानंतर मी मागेच लागले. आमच्या आयटीला तिकीट टाकलं म्हणजे तक्रार नोंदवली तर दुसऱ्या दिवशी उत्तर, मेलबॉक्सला मेल वेळेत पोचतोय, आमच्या बाजूने ओके, तिकीट क्लोज. फोनच्या सर्व्हिस सेंटरला गेले तर तिथल्या मुलाने फोन हातात पण न घेता सांगितलं की मॅडम फॅक्टरी रिसेट मारा, सगळं होईल. मी जवळजवळ मारणारच होते, पण मुलाचे लहानपणापासूनचे फोटो, व्हॉट्सॲप, बँकेची ॲप्स हे सगळं परत बसवायचं म्हणजे एक अख्खा रविवार, म्हणून टाळत राहिले. आता कळतंय की टाळलं ते बरंच केलं, कारण रिसेट मारून पण मेल दोन आठवड्यांनी परत तसेच अडकले असते.

दुकानात गेले ती खरं तर टेम्पर्ड ग्लास बसवायला, आमच्या जाऊबाईंनी डिस्प्ले तिथेच बदलला होता आणि त्यांना चांगला अनुभव होता. ग्लास बसवता बसवता मी सहज म्हटलं की दादा मेल उशिरा येण्यावर काही इलाज असतो का हो. त्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं आणि विचारलं, ताई, येतच नाही का उशिरा येतो? म्हटलं उशिरा. मग, ॲप उघडल्यावर येतो का आपोआप? म्हटलं कधी उघडल्यावर, कधी आपोआप. आणि मग जो प्रश्न त्याने विचारला तो आमच्या आयटीने किंवा सर्व्हिस सेंटरने विचारलाच नव्हता, आपोआप येतो तेव्हा फोन चार्जिंगला असतो का?

मी क्षणभर गप्पच झाले. ऑफिसात माझा फोन दिवसभर टेबलावर चार्जरला असतो आणि तिथे मेल कधीच उशिरा येत नाही. बसमध्ये, शॉप फ्लोअरवर, घरी ओट्यावर असला की उशीर. आणि त्या रात्री सात मेल आले तेसुद्धा चार्जरची पिन लावल्या लावल्या. एवढे दिवस हे डोळ्यासमोर होतं.

पण तो लगेच सेटिंगमध्ये शिरला नाही आणि हेच मला त्याचं सगळ्यात आवडलं. आधी म्हणाला की फोनच्या ब्राउझरमध्ये ऑफिसचा मेल उघडा. पासवर्ड टाकायच्या वेळी स्टूल फिरवून पाठ करून बसला, म्हणाला पासवर्ड मला सांगायचा पण नाही आणि दाखवायचा पण नाही, कुणालाच नाही. ब्राउझरमध्ये सगळे मेल होते, अगदी दोन मिनिटांपूर्वीचा पण, आणि ॲपमध्ये मात्र दुपारचे. म्हणाला म्हणजे तुमची आयटीवाली मंडळी खोटं बोलत नव्हती, मेल दारापर्यंत येतोय, दार फोनने लावून घेतलंय. मग त्याने स्वतःच्या आयडीवरून माझ्या ऑफिसच्या आयडीवर मेल टाकायचं ठरवलं. टेम्पर्ड ग्लासच्या रिकाम्या पुठ्ठ्यावर पेनने लिहिलं ६:१०, पहिला मेल पाठवला. माझा फोन स्क्रीन बंद करून सोल्डरिंगच्या हिरव्या मॅटवर पालथा ठेवला आणि सांगितलं हात लावायचा नाही. ६:२० ला दुसरा, ६:३० ला तिसरा. मधल्या वेळात दोन गिऱ्हाईकं केली, एकाचा चार्जिंग जॅक साफ केला, मला शेजारून रस मागवला. ६:४० ला फोन उचलून स्क्रीन चालू केली, काही नाही. ॲप उघडलं तर तिन्ही मेल एकदम, एकाखाली एक. पुठ्ठ्यावर तिन्ही वेळांसमोर त्याने ६:४० लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

मग समजावून सांगितलं. अँड्रॉइडमध्ये २०१५ ला सहावं व्हर्जन आलं तेव्हापासून डोज नावाचा प्रकार आहे, फोन चार्जिंगला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि एका जागी पडून असेल तर फोन ॲप्सचं इंटरनेट थांबवतो आणि मधूनमधून थोडा वेळ सोडतो, बॅटरी वाचावी म्हणून. पुढच्या वर्षी सातव्या व्हर्जनला हे खिशात पर्समध्ये फिरत्या फोनला पण थोड्या प्रमाणात लागू झालं. चार्जर लावला की डोज बाजूला, म्हणून माझ्या टेबलावर सगळं ठीक. आता एवढ्यावर भागलं असतं तर मेल थोडा थांबून का होईना आला असता, पण बऱ्याच कंपन्या याच्यावर स्वतःचा अजून एक थर चढवतात, जे ॲप तुम्ही काही दिवस उघडलं नाही ते झोपलेल्या ॲप्सच्या यादीत टाकून देतात. माझं मेलचं ॲप त्या यादीत सापडलं. फेब्रुवारीत गावाला लग्नाला गेले होते, तेव्हा चार-पाच दिवस ॲप उघडलंच नव्हतं, तेव्हाच गेलं असणार असं तो म्हणाला आणि मलाही ते पटलं.

त्याने जे केलं ते सांगते, नावं प्रत्येक फोनमध्ये थोडी वेगळी असतात. सेटिंग, मग ॲप्स, मग मेलचं ॲप, मग बॅटरी, तिथे ऑप्टिमाइज्ड होतं ते अनरिस्ट्रिक्टेड केलं. झोपलेल्या ॲप्सच्या यादीतून काढलं आणि कधीच झोपवू नये अशी एक वेगळी यादी असते तिच्यात घातलं. ऑटोस्टार्ट चालू केलं. डेटा सेव्हर चालू होता, त्यात या ॲपला सूट दिली. आणि अकाउंटच्या आत सिंक शेड्यूल, म्हणजे फोनने सर्व्हरवरून मेल कधी आणायचे ते, दर एक तासाने असं होतं ते पुश केलं, म्हणजे मेल आला की लगेच, हे कधी झालं मला माहीतच नाही. मग नवीन पुठ्ठा, परत तीच परीक्षा, फोन पालथा. ७:०५ चा मेल ७:०५ लाच वाजला. दुसरा पण. मी खरंच त्या पायरीवर उभी राहून हसले असेन.

इथे कुणीही म्हटलं असतं झालं काम, द्या पैसे. त्याने विचारलं, ज्या मेलने घोटाळा झाला तो इनबॉक्समध्ये आला होता का एखाद्या फोल्डरमध्ये? तो नेमका इनबॉक्समध्ये आला होता, पण मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर रूल लावलेत, म्हणजे मेल आपोआप ठरलेल्या फोल्डरला जातात, शिपिंग लाईनचे मेल एका फोल्डरला, सीएचएचे दुसऱ्या, कारण दिवसाला दीडशे मेल येतात. रूल सर्व्हरवरच चालतो, त्यामुळे मेल इनबॉक्समध्ये दिसायच्या आधीच फोल्डरला जातो, आणि फोनचं ॲप आपणहोऊन फक्त इनबॉक्स सिंक करत होतं. फोल्डर मी उघडला की तेव्हा भरायचा. म्हणजे बॅटरीचं सगळं नीट केलं असतं तरी बीएलच्या ड्राफ्टची घंटा अर्ध्या वेळेला वाजलीच नसती. त्याने फोल्डरच्या सेटिंगमध्ये त्या दोन फोल्डरचा सिंक चालू करून दिला आणि म्हणाला ताई, जे मेल लगेच बघायला लागतात त्यांच्यावरचा रूल काढूनच टाका, ते इनबॉक्समध्येच येऊ द्या, फोल्डर बाकीच्यांना ठेवा. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. ज्यांना ज्यांना ही एक गोष्ट सांगितली त्यांच्यातल्या निम्म्यांचं कोडं तिथेच सुटलं.

अजून एक पर्याय त्याने सुचवला, कंपनी हो म्हणत असेल तर मायक्रोसॉफ्टचं आउटलुक ॲप घ्या. कारण असं की फोनसोबतचं ॲप सर्व्हरशी स्वतः जोडून बसतं आणि ॲप झोपलं की ती जोडणी तुटते, आउटलुकमध्ये मात्र नवीन मेलची खबर गूगलच्या नोटिफिकेशन पोहोचवायच्या रस्त्याने येते, त्या रस्त्याला डोजमधून पण वाट असते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटलं. फोनच्या ॲपमध्ये एक्सचेंज अकाउंट जोडताना एक परवानगी मागतात, डिव्हाइस ॲडमिनची, मी न वाचता हो म्हटलं होतं. त्याने ती उघडून माझ्याकडून वाचून घेतली, त्यात होतं की कंपनी लांबून अख्खा फोन पुसू शकते. अख्खा, म्हणजे फोटोंसकट. आउटलुक ॲपमध्ये अशी पुसायची कमांड आली तर फक्त त्या ॲपमधला डेटा जातो. मी आयटीला विचारून एप्रिलमध्ये आउटलुकवर गेले. ते जुनं अकाउंट काढायच्या आधी मात्र त्याने दोन गोष्टी बघायला लावल्या, आउटबॉक्समध्ये काही अडकलंय का, आणि कॉन्टॅक्ट कुठे सेव्ह आहेत. माझे चाळीसएक नंबर ऑफिसच्या अकाउंटमध्ये सेव्ह झालेले निघाले, अकाउंट काढलं की ते फोनवरून गेले असते. त्यात आईच्या डॉक्टरांचा नंबर पण होता.

आउटलुकमध्ये गेल्यावर फोकस्ड इनबॉक्सकडे लक्ष द्या, ते ॲप आपल्या मनाने मेल फोकस्ड आणि अदर असे वाटतं आणि नोटिफिकेशन फक्त फोकस्डचीच लावलेली असली तर अदरमधला मेल आला तरी फोन गप्प. मी ते बंद करून टाकलंय.

पुढच्या आठवड्यात मी आमच्या ऑफिसातल्या एकीला तिकडे नेलं, तिचा आयफोन. तिला वाटत होतं आयफोन खराब झाला. संध्याकाळी बॅटरी कमी झाली की ती लो पॉवर मोड लावायची, त्यात मेल आपोआप आणणं बंद होतं, आणि शिवाय मेलच्या अकाउंटमध्ये फेच न्यू डेटा मध्ये मॅन्युअल होतं, म्हणजे ॲप उघडलं तरच मेल येणार. पाच मिनिटांचं काम, तिच्याकडून त्याने पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाला यात मी काय केलं, एक बटण.

आमच्या ह्यांच्या फोनचं मात्र त्याने केलं नाही आणि ते पण सांगायला हवं. ह्यांच्या कंपनीचा वर्क प्रोफाइल आहे, म्हणजे फोनमध्ये ऑफिसच्या ॲप्सचा वेगळा कप्पा, ॲपच्या चित्रावर छोटी बॅग दिसते तो. त्याने एवढंच बघितलं की वर्क ॲप्स पॉज केलेली नाहीत ना, कारण पॉज असली तर मेल येणारच नाही, आणि त्या बॅगवाल्या ॲपची बॅटरी सेटिंग वेगळी असते ती बघितली. लॉगिन मात्र परत परत मागत होतं. त्यावर स्पष्ट म्हणाला, हे तुमच्या कंपनीच्या आयटीचं काम, ते प्रोफाइल काढून मी काही करणार नाही, तुम्हाला त्रास होईल. पुढे आयटीनेच ते सोडवलं. दुसरा कुणी असता तर काहीतरी काढघाल करून पाचशे रुपये घेतले असते.

एक काका माझ्यासमोर आले होते, जुना फोन, पासवर्ड चुकीचा, पासवर्ड चुकीचा एवढंच दाखवत होता आणि ते चार वेळा पासवर्ड बदलून बसलेले. त्यांना सांगितलं की पासवर्ड बरोबरच आहे, नुसता आयडी पासवर्ड टाकून आत जायची जुनी पद्धत मायक्रोसॉफ्टने ऑनलाइन एक्सचेंजला १ ऑक्टोबर २०२२ पासून बंद करायला घेतली, तुमचं ॲप तेवढंच जाणतं. ॲप बदललं, ओटीपीसारखं पुढचं पान आलं, काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता उणं काय ते. वेळ लागतो, माझ्या कामाला सव्वा तास गेला आणि बसायला जागा नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करूनच जावं. संध्याकाळी साडेसहानंतर गर्दी होते, मग तो नीट लक्ष देऊ शकत नाही. बिल मिळत नाही, कंपनीकडून पैसे मागायचे असतील तर उपयोग नाही. गाडी लावायला जागा जवळपास शून्य, चौकाच्या अलीकडेच लावून चालत या. आणि फोनवरून सल्ला देत नाही, दुकानातच या म्हणतो, ते मला सुरुवातीला खटकलं, पण ती पुठ्ठ्यावरची परीक्षा फोनवरून होणार कशी.

पैसे माझ्याकडून २०० घेतले, टेम्पर्ड ग्लासचे १५० वेगळे, यूपीआय चालतं.

आज जून संपत आला. मधे एकदा फोनला मोठं अपडेट आलं आणि बॅटरीचं सेटिंग आपोआप परत ऑप्टिमाइज्डवर गेलं होतं, त्याने हे होऊ शकतं म्हणून आधीच बजावलं होतं, त्यामुळे मी अपडेटनंतर लगेच जाऊन बघितलं आणि स्वतःच बदललं. बॅटरीला मला काही फरक जाणवला नाही, रात्री झोपताना वीस-पंचवीस टक्के असते तेवढीच आहे. मे महिन्यात पासवर्ड बदलायची पाळी आली तेव्हा आउटलुकने लगेच परत साइन इन करा म्हणून दाखवलं. आणि गेल्या मंगळवारी बसमध्ये मोशीच्या सिग्नलला असतानाच ड्राफ्ट आला, पर्समध्ये फोन वाजला, उभ्या उभ्या वाचला, एका पार्टीच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते कळवलं आणि घरी पोचायच्या आत सुधारून दुसरा ड्राफ्ट हातात.

दुकान सकाळी अकराला उघडतं, गुरुवारी बंद. दुपारी बारा ते चारमध्ये गेलात तर निवांत भेटेल, आणि जाताना ऑफिसच्या मेलचा पासवर्ड पाठ असू द्या.